पुन्हा ठोकळे : चाळिशीनंतर लेगो जोडणाऱ्यांसाठी

चिरेबंदी

मोठ्यांसाठी म्हणून जे लेगोचे भलेथोरले संच निघतात, त्यांनी सुरुवात करू नका, हे सांगायला हा धागा काढते आहे. रागवायचं त्यांनी खुशाल रागवावं.

झालंय असं, की गेल्या वर्षभरात ओळखीतल्या बऱ्याच जणांना एकदम ठोकळ्यांची आठवण झाली आहे. कुणाची मुलं मोठी होऊन शिकायला बाहेर गेली आणि माळ्यावरचा डबा खाली आला, कुणाला ऑफिसच्या निरोप समारंभात फुलांचा संच मिळाला. परदेशी मंडळी या मधल्या ठोकळेविरहित वर्षांना 'डार्क एज' म्हणतात. आपल्याकडे ती दहावीच्या वर्षी सुरू होतात आणि गृहकर्ज आटोक्यात आलं की संपतात.

परत आलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? दुकानात जातो आणि सगळ्यात मोठं खोकं बघतो. कंपनीलाही हे गिऱ्हाईक चांगलं कळलंय. २०२० पासून खोक्यांवर '१८+' छापायला लागले, आणि मग रांगच लागली. २०२१ चं टायटॅनिक ९,०९० तुकड्यांचं, २०२२ चा आयफेल टॉवर १०,००१ चा. आपला ताजमहाल २००८ सालीच ५,९२२ तुकड्यांत आला होता, २०१७ मध्ये एक तुकडा वाढवून परत काढला. हे सगळं देखणं आहे, वाद नाही. पण जाडजूड पुस्तिका उघडायची, पान सांगेल तो तुकडा सांगेल तिथे लावायचा, आणि शेवटी जे उभं राहतं ते खोक्यावरच्या चित्रासारखं. ते मोडायला हात होत नाही. मग ते टीव्हीशेजारी बसून धूळ खातं.

माझं म्हणणं असं, की बांधायची गंमत सुट्या, साध्या, बिनचित्राच्या ठोकळ्यांत आहे. २×४ (म्हणजे वर खुंट्यांच्या दोन रांगा, रांगेत चार), २×२, १×२, थोड्या प्लेटा म्हणजे पातळ ठोकळे, थोडे तिरके. एवढ्यात काय नाही होत!

सध्या मी राजापूरकडचं मामाचं कौलारू घर बांधते आहे. जांभ्याच्या भिंतींसाठी १×२ ची एक वीट मिळते, तिच्या एका अंगावर दगडी बांधकामासारख्या रेघा कोरलेल्या असतात. एका विटेत दोन थर दिसतात. ती ओळीनं लावली की चिऱ्याची भिंत दिसते, फक्त रंगाचा प्रश्न राहतो. गडद नारिंगी आणि तपकिरी मिसळून लावल्या तर पाऊस खाल्लेल्या चिऱ्याच्या जवळ जातं. चौथरा, पडवी, ओटी झाली. अडलंय ते छपरावर. नळीची कौलं कशी दाखवायची? बाजारातले लाल तिरके ठोकळे लावले तर ते मंगलोरी कौलाचंही दिसत नाही, पत्र्याचं दिसतं.

तर दोन गोष्टी. एक, परत आलेल्यांनी आपापलं लिहा. दोन, छपराचं कुणी सांगाल का?

*

बिनकामाचा_बाबू

पहिला!

छपराचं माहीत नाही. अंधारात अनवाणी २×४ वर पाय पडल्यावर काय होतं ते विचारा, त्यात डॉक्टरेट आहे.

*

रात्रपाळी

चिरेबंदीताई, तुमचं पहिलंच वाक्य मला मान्य नाही, आणि राग न धरता सांगते.

मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. ड्यूटीवर असताना दर काही मिनिटांनी काहीतरी ठरवावं लागतं. ड्रिप वाढवायची का, डॉक्टरांना आत्ता उठवायचं की अजून एक रीडिंग बघायचं, नातेवाइकांना काय आणि किती सांगायचं. घरी आल्यावर मला एकही निर्णय नको असतो. पुस्तिका म्हणते सात नंबरची पिशवी फोड, मी फोडते. पुस्तिका म्हणते दोन करडे आणि एक पिवळा, मी तेवढेच काढते. चुकलं तर दोन पानांनी कळतं, उलगडायचं, परत लावायचं, कुणाचं काही बिघडत नाही. तुमचे सुटे ठोकळे समोर ओतले तर मला घामच फुटेल. काय बांधू, कसं बांधू, रंग पुरेल का. हे मी दिवसभर करून आलेली असते हो.

आणि टीव्हीशेजारी धूळ खातं म्हणता, तर आमच्याकडे ऑर्किड आहे, ६०८ तुकड्यांचं. आठवड्यातून एकदा रंगाच्या ब्रशनं झटकते. खऱ्या ऑर्किडपेक्षा जास्त टिकलंय. सासूबाईंनी एकदा पाणीही घातलं त्याला.

*

हिशेबी

दोन्ही बाजू वाचल्या. माझा प्रश्न सोपा आहे. एवढे पैसे प्लास्टिकला?

२०२० च्या अर्थसंकल्पात आयात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २० टक्क्यांवरून थेट ६० वर नेलं, २०२३ मध्ये ७० केलं. म्हणजे तिकडे जो संच पगारदार माणूस सहज उचलतो, तो इकडे येईपर्यंत घरच्यांपासून लपवावा लागतो. देशी खेळणी वाढावीत म्हणून शुल्क लावलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण मग देशी ठोकळेच का घेऊ नयेत? आकार तोच, खुंट्या त्याच. पेटंट कधीच संपलंय असं ऐकतो.

*

दोन_बाय_चार

हिशेबी साहेब, अखेर माझ्या कामाचा प्रश्न आला. भोसरीला टूलरूममध्ये आयुष्य गेलं, साचे हाच धंदा. त्यामुळे जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पेटंट संपलंय हे बरोबर. आज आपण जी वीट ओळखतो तिचा अर्ज २८ जानेवारी १९५८ चा. त्याआधी १९४९ पासून ते विटा करत होतेच, पण त्या आतून पोकळ होत्या. नुसता डबा उपडा घातल्यासारख्या. त्याची कल्पनाही मूळची त्यांची नव्हती, इंग्लंडमधल्या हिलरी फिशर पेज नावाच्या गृहस्थाचे किडीक्राफ्टचे ठोकळे समोर होते. पोकळ वीट वरच्या खुंट्यांना फक्त कडेच्या भिंतींनी धरते, म्हणून उंच बांधलं की हलतं. १९५८ मध्ये काय केलं, तर पोटात नळ्या घातल्या. आता प्रत्येक खुंटी एका बाजूनं भिंतीला आणि दुसऱ्या बाजूनं नळीला टेकते. एवढाच शोध, पण त्यानं सगळा खेळ बदलला. पुढे आकारावरच ट्रेडमार्क मिळवायचा प्रयत्न झाला, तो कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये आणि युरोपच्या न्यायालयानं २०१० मध्ये फेटाळला. जो आकार काम करण्यासाठीच तसा आहे, त्यावर कायमचा हक्क सांगता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा जुळणारे ठोकळे करणं कायदेशीर आहे. दुसऱ्याचा संच चित्रासकट उचलणं मात्र वेगळं.

आता 'आकार तोच' याबद्दल. खुंटीपासून खुंटी ८ मिलिमीटर, खुंटीचा व्यास ४.८, विटेची उंची ९.६, प्लेटची ३.२. हे आकडे कुणालाही मिळतात. पण प्लास्टिक साच्यात जातं सव्वादोनशे-अडीचशे अंशाला, आणि थंड होताना आकसतं. एबीएस, म्हणजे या विटांचं प्लास्टिक, साधारण अर्धा टक्का आकसतं. सगळीकडून सारखं आकसत नाही हेच तर दुखणं. जिथे जाडी जास्त तिथे जास्त ओढतं. बारा-सोळा पोकळ्यांचा साचा असेल तर प्रत्येक पोकळीतली वीट किंचित वेगळी. या पकडीला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक कळतो. बोटांना नाही कळत, पण पन्नास विटा एका ओळीत लावा आणि बघा, भिंत केळीसारखी वाकते. साचा झिजला की पकड बदलते, तेव्हा तो वेळेवर निवृत्त करावा लागतो, आणि स्वस्त ठोकळ्यात पैसे वाचतात ते नेमके इथे.

म्हणून माझा नियम : स्वस्त ठोकळे पोटात, चांगले अंगावर. छपराच्या आत, चौथऱ्याच्या आत, जिथे नुसतं भरायचंय तिथे काहीही चालतं. जिथे ताण येतो, बिजागरी आहे, लोंबतं काही आहे, तिथे चांगलीच वीट हवी.

ता.क. : जुने ठोकळे घेणाऱ्यांनी २००० च्या दशकातले तपकिरी आणि गडद लाल जपून हाताळावेत. त्या काळातले ते रंग ठिसूळ होतात हे सगळ्या जुन्या खेळाडूंना ठाऊक आहे. लावलेले असतील तर उगाच उचकटू नका.

*

चिरेबंदी

दोन_बाय_चार, काय लिहिलंत! पोटात नळ्या हे कधी लक्षच दिलं नव्हतं. लगेच एक उलटी करून पाहिली.

रात्रपाळी, तुमचं पटलं म्हणत नाही, पण तुमच्या बाजूनं विचार केला नव्हता हे खरं. माझा दिवस बँकेत शिक्के मारण्यात जातो. एकही निर्णय माझा नसतो, सगळे नियमावलीत. तेव्हा घरी आल्यावर तिसरी नियमावली कशाला?

*

ओडेन्सेकर

डेन्मार्कमधून लिहितोय. लेगोचं गाव बिलुंड आमच्याकडून गाडीनं तास-सव्वा तास.

गाव म्हणाल तर छोटंसं, आणि सगळं ठोकळ्यांच्या जिवावर उभं. १९३२ मध्ये ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाच्या सुतारानं मंदीत घरांची कामं मिळेनाशी झाली म्हणून लाकडी वस्तू आणि खेळणी करायला घेतली. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली, तेव्हा मुलगा गॉटफ्रेडनं लाकूड बंद करून टाकलं. आज विमानतळही गावाच्या मानानं अवाढव्य आहे, तोही मूळ कंपनीनंच सुरू केलेला.

२०१७ मध्ये तिथे लेगो हाऊस उघडलं. बाहेरून बघाल तर एकावर एक रचलेले एकवीस पांढरे ठोकळे. आत पंधरा मीटर उंचीचं झाड आहे, तेही विटांचं, त्रेसष्ट लाखांवर विटा. पण मला आवडलं ते एक यंत्र. साचा चालू असतो, तुमच्यासमोर लाल २×४ विटा पडतात, आणि सहा विटांची एक पिशवी हातात येते. सोबत एक कार्ड, त्यावर त्या सहा विटांची एक रचना, जी फक्त तुमची. पुढच्या माणसाला वेगळी.

रचना संपत कशा नाहीत? तर सहा एकरंगी २×४ विटा जोडायच्या पद्धती ९१,५१,०३,७६५ आहेत. कंपनी वर्षानुवर्षं दहा कोटी एकोणतीस लाखांचा आकडा सांगत होती. कोपनहेगन विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक सोरेन आयलर्स यांनी बघितलं, की तो आकडा फक्त सहा मजली मनोऱ्यांचा आहे, म्हणजे प्रत्येक थरात एकच वीट. शेजारी शेजारी बसणाऱ्या विटा मोजल्याच नव्हत्या. त्यांनी संगणकाला कामाला लावलं आणि खरा आकडा काढला.

हे चिरेबंदीताईंच्या पारड्यात टाकतो. सहा विटा घ्या, पुस्तिका नको.

*

बिनकामाचा_बाबू

एक्क्याण्णव कोटी पद्धती आणि आमच्या हातून दरवेळी बंदूकच होते.

*

रात्रपाळी

ओडेन्सेकर, कार्डावरची रचना बघून जोडलीत ना? मग ती पुस्तिकाच झाली की! माझ्या पारड्यात टाका.

*

किल्लेदार

सातारकडून रामराम. शाळेत शिकवतो. दिवाळीतल्या किल्ल्याचा विषय अजून कुणी कसा काढला नाही याचं आश्चर्य वाटतं. मराठी पोराला ठोकळे नंतर कळतात, आधी माती, विटा, पोतं आणि हळीव कळतं. कुठल्या पुस्तिकेत असतं ते?

गेल्या दिवाळीत मुलांबरोबर मातीच्या डोंगरावर ठोकळ्यांचं रायगडाचं महाद्वार करायला घेतलं. रायगडाचं दार ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, दोन प्रचंड बुरूज आणि त्यांच्या कवेत दडलेलं दार. गोमुखी रचना. समोरून चालत येणाऱ्याला दार दिसतच नाही, वळल्यावरच दिसतं, आणि तोवर तो दोन्ही बुरुजांच्या माऱ्यात आलेला असतो. आता चौकोनी ठोकळ्यांनी गोल बुरूज कसा करायचा? आम्ही पायऱ्या पायऱ्यांचा केला, तो बुरूज कमी आणि मारुतीच्या देवळाचं शिखर जास्त दिसत होता. कुणाला युक्ती माहीत असेल तर सांगा, यंदा परत करायचाय.

*

दोन_बाय_चार

गुरुजी, सोपं आहे. १×२ च्या विटा आणि १×१ च्या गोल विटा, एक आड एक. पहिल्या थरात १×२, गोल, १×२, गोल असं लावत जा. वरच्या थरात गोल अशी आणा, की ती खालच्या १×२ वर बसेल आणि वरची १×२ दोन्हींना सांधेल. प्रत्येक गोल विटेपाशी सांधा किंचित फिरतो. लांबलचक सरळ भिंत बांधून झाली, की दोन्ही टोकं धरून हळूहळू वाकवत आणा, पुरेशी लांब असेल तर पूर्ण वर्तुळ होतं. लहान वर्तुळाला हट्ट करू नका, ताण येतो. वर गोल विटांमुळे भिंतीला ज्या खाचा पडतात त्या दगडाच्या सांध्यांसारख्या दिसतात, ते फुकट मिळतं.

खाली पक्कं चिकटवायला जाऊ नका. वाकवलेली भिंत नुसती ठेवायची आणि मध्ये माती भरायची. तुमच्याकडे माती आहेच.

*

किल्लेदार

वा! मुलांना दाखवतो. माती भरायची हे तर आमच्याच पद्धतीचं झालं. खऱ्या बुरुजातही बाहेर दगड आणि आत भर.

*

हिशेबी

बरं, समजा ऐकलं तुमचं. सुटे ठोकळे आणायचे कुठून? बाहेरच्या संकेतस्थळावरून मागवले तर कुरिअर आणि शुल्क धरून ठोकळ्यापेक्षा खोकं महाग.

*

चिरेबंदी

मी कुठून आणले ते सांगते. सोसायटीच्या आणि जुन्या वस्तूंच्या ग्रुपवर 'मुलं मोठी झाली' असं लिहिणारे आईबाप असतात. ते किलोवर देतात. त्यात निम्मे दुसऱ्या ब्रँडचे, चार गाड्यांची चाकं, एक ल्युडोची सोंगटी आणि न ओळखता येणारं काहीतरी चिकट, हे धरूनच चालायचं. मागाल ते तुकडे हवेत तर ब्रिकलिंक आहेच. २००० साली एका चाहत्यानं सुरू केलेला तो बाजार, २०१९ मध्ये कंपनीनंच विकत घेतला. पण हिशेबी म्हणतात तसं, इथून मागवायचं तर एकदाच, चार जणांनी मिळून, यादी करून.

आणल्यावर धुणं. कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीत भरून कोमट पाण्यात, साध्या साबणानं. पाणी चाळीस अंशांच्या वर नको, उकळतं तर नकोच नको. वॉशिंग मशिनमध्ये घालायचा मोह आवरा. मग टॉवेलवर पसरून सावलीत, पंख्याखाली. उन्हात पांढरे पिवळे पडतात. आधीच पिवळे असतील तर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून मुद्दाम उन्हात ठेवायची एक पद्धत आहे, मी केली नाही. मला पिवळटलेले पांढरे जुन्या चुन्याच्या भिंतीला बरे वाटतात.

आता लावणं, आणि हे नीट वाचा. रंगावर वेगळे करू नका! सगळे तेच करतात. लाल डबा, निळा डबा. मग लाल डब्यात हात घालून १×१ ची लाल प्लेट शोधत बसा, सगळंच लाल, डोळ्याला काही वेगळं दिसत नाही. आकारावर वेगळे करा. १×१ च्या प्लेटांच्या खणात लाल एक असेल तरी ती लगेच हाक मारते. हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू ठेवायचे खणांचे डबे मिळतात, त्यात बारीक तुकडे. २×४ सारखे मोठे खुशाल मिठाईच्या डब्यांत.

उचकटायला दात वापरू नका. नारिंगी विलगक येतो संचाबरोबर, तो वापरा. दातांचे डॉक्टर ठोकळ्यांपेक्षा महाग आहेत.

*

रात्रपाळी

यात एक भर. चाळिशीनंतर खरा शत्रू काळा रंग आहे. काळा, गडद करडा, गडद निळा आणि तो नवा गडद तपकिरी, हे चारही रात्री ट्यूबलाइटखाली एकच दिसतात. पुस्तिकेतली छपाई त्यात मदत करत नाही. मोबाइलवर पुस्तिकेचं चित्र मोठं करून बघता येतं, आणि टेबलावर पांढऱ्या प्रकाशाचा मान वाकवता येणारा दिवा घ्या. चष्म्याचा नंबर काढून आलात तर उत्तम. माझ्याकडे एक काळा मजला मुळात गडद निळा असायला हवा होता. कुणाला कळलं नाही.

*

ओडेन्सेकर

करड्याबद्दलही. २००४ च्या सुमारास करड्याची छटाच बदलली, नवा निळसर झाला. तपकिरीही बदलला. जुना आणि नवा शेजारी ठेवले की लगेच कळतं. तेव्हा लोकांनी काय आरडाओरडा केला होता! कंपनीचे दिवसही वाईट होते, २००३-०४ मध्ये मोठा तोटा झाला होता आणि संपते की काय अशी वेळ आली होती. मग यॉर्गेन विग क्नुडस्टॉर्प प्रमुख म्हणून आले, पसारा आवरला, लेगोलँड उद्यानं विकली, तुकड्यांचे प्रकार कमी केले आणि परत विटांवर आले.

*

दोन_बाय_चार

तुकड्यांचे प्रकार कमी केले हे साचेवाल्याच्या कानाला गोड लागतं. एक नवा आकार म्हणजे एक नवा साचा, आणि साचा म्हणजे लाखांचा खेळ. एकाच गाडीत एकदाच लागणारा तुकडा हा डिझायनरचा आळस असतो.

चिरेबंदीताई, तुमचं छप्पर राहिलंच. नळीची कौलं ना? लाकडी ओंडक्यांच्या घरासाठी १×२ ची एक वीट येते, तिच्या अंगावर अर्धगोल उभार असतात, ओंडके एकावर एक रचल्यासारखे. तिची भिंत बांधा. नेहमीसारखीच उभी. मग ती अख्खी भिंत आडवी पाडा, उभार आभाळाकडे. झाली नळीची कौलं. उभार आढ्याकडून पागोळीकडे उतरतील अशी फिरवून घ्या.

मग ही आडवी भिंत तिरकी टेकवायची. त्यासाठी आढ्यापाशी बिजागरीच्या प्लेटा, आणि खाली भिंतीच्या माथ्यावर नुसतं टेकू द्या. तिथे अडकवायचा हट्ट नको, कारण तिरक्या रेषेत खुंट्यांचं माप जुळत नाही. कडेला खुंट्या उघड्या दिसतील, त्यांच्यावर गुळगुळीत टाइल लावून टाका, वाशांची टोकं झाकणारी फळी दिसेल.

आणि आडवं वळवताना एक गणित कायम लक्षात ठेवा. पाच प्लेटा उभ्या रचल्या की १६ मिलिमीटर. दोन खुंट्यांची रुंदीही १६. म्हणजे आडव्या पाडलेल्या बांधकामाची उंची पाचाच्या पटीत ठेवलीत, तर ते उभ्या बांधकामात फट न पडता बसतं. सगळी आडवीतिडवी कामं या पाचास दोनवर चालतात.

*

चिरेबंदी

भिंत आडवी पाडायची! इतके दिवस मी तुकड्यातुकड्यानं कौल शोधत होते.

आधी संगणकावर करून बघते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : 'स्टुडिओ' नावाचा कार्यक्रम फुकट आहे. पडद्यावर बांधता येतं, आणि शेवटी कुठला तुकडा किती लागेल त्याची यादी निघते. मूळ पाया 'एल-ड्रॉ' या अशाच जुन्या कार्यक्रमाचा, तो १९९५ मध्ये जेम्स जेसिमन या ऑस्ट्रेलियातल्या तरुणानं केला. १९९७ मध्येच तो गेला, पण लोकांनी काम चालू ठेवलं. पडद्यावर मात्र सगळंच उभं राहतं, गुरुत्वाकर्षण नसतं. माझी पडवी तिकडे झकास होती, टेबलावर खांबच कलले.

*

हिशेबी

अवांतर : हे सगळं प्लास्टिक शेवटी जाणार कुठे?

*

दोन_बाय_चार

कुठेच जात नाही, तोच तर मुद्दा. १९५८ ची वीट आजच्या विटेला बसते. बाकी कंपनीचे प्रयोग चालू असतात. २०१८ पासून झाडंपानं उसापासून केलेल्या पॉलिइथिलीनची आहेत. बाटल्यांच्या पुनर्वापरातून वीट करायचा बेत २०२३ मध्ये सोडून दिला. एबीएसची पकड दुसऱ्या कशात आणणं महाकठीण आहे. पॉलिइथिलीनचं पान मऊ असतं, चालतं. वीट मऊ चालत नाही.

आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या उसाची पानं करता आली तर बघा कुणीतरी.

*

बिनकामाचा_बाबू

साखर कारखान्याच्या निवडणुकीत जाहीरनाम्यात घालू.

बाय द वे, तुमच्या नादानं काल भाच्याच्या खोक्यातून सहा विटा चोरल्या. बंदूक नाही झाली. बदक झालं. बहीण म्हणते ते बदक नाही, बूट आहे.

*

रात्रपाळी

बाबू, फोटो टाका. मतदान घेऊ.

चिरेबंदीताई, एक तडजोड सुचवते, मान्य करायलाच हवी असं नाही. माझा घरांच्या रांगेतला एक संच आहे, रस्त्यावरची तीन मजली इमारत. तो पुस्तिकेनं पूर्ण केला. त्यात मजले उचलून वेगळे होतात, आत जिना, खोल्या, सगळं. बांधताना कळलं की खिडकीच्या चौकटीत त्यांनी वीट आडवी कशी वळवली आहे. तेच तुमचं पाचास दोन असणार. ते मला स्वतःहून आयुष्यात सुचलं नसतं. तेव्हा पुस्तिका अगदीच शिक्का मारणं नाही.

*

चिरेबंदी

हे मान्य. तरीही पहिला संच लहानच घ्या, मोठ्या खोक्याचे पैसे सुट्यांत घाला, या मतावर मी ठाम आहे. तुमची इमारत मोडाल का कधी?

*

रात्रपाळी

नाही.

*

चिरेबंदी

बघा!

असो. स्टुडिओत छप्पर झालं. दोन्ही उतारांना मिळून ओंडक्याच्या विटा भरपूर लागतायत आणि माझ्याकडे त्या लालसर रंगात मूठभरच आहेत. करड्या २×४ मात्र ढीगभर आहेत, मागच्या किलोच्या खरेदीतल्या, जुना करडा, निळसर नाही. किल्लेदार, बुरुजांना करडं लागेलच तुम्हाला. अदलाबदल करायची का? तुमच्याकडे ओंडक्याच्या विटा तपकिरी असल्या तरी चालतील, जुनी कौलं तशीच काळवंडलेली असतात.

*

किल्लेदार

ताई, शाळेच्या खोक्यात बघतो. ओंडक्याच्या आहेत बऱ्याच, कुणीतरी जंगलातल्या घराचा संच दिला होता. तपकिरी आहेत. दोन_बाय_चार म्हणाले तशा ठिसूळ नाहीत ना, हे आधी चार लावून उचकटून बघतो, मग कळवतो. करड्या १×२ असतील तर त्याही द्या, बुरुजाला त्याच लागणार. २×४ आतल्या भरीला घालतो, पोरांना माती वाहायची तेवढीच कमी.

*

दोन_बाय_चार

गुरुजी, चांगल्या २×४ भरीला घालू नका हो! भरीचे माझ्याकडून न्या, खोकंभर पडलेत. भोसरीला आलात की फोन करा, नंबर खासगी संदेशात टाकतो.